सीजीपीए सुधारायचाय? मग हिशेब पहिल्याच वर्षी मांडा

सेमिस्टरचा निकाल लागला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टक्के किती?" मुलगी सांगते, "७.६." वडील मनात दहाने गुणतात, ७६ टक्के धरतात आणि बारावीच्या ८८ ची आठवण काढतात. इथून पुढचं संभाषण सांगायला नको. या भांडणात दोन्ही बाजू ज्या आकड्यावर तावातावाने बोलत असतात, तो तयार कसा झाला हे बहुतेकदा दोघांनाही माहीत नसतं. फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शनच्या काळात शिकलेल्या पालकांचं समजू शकतं. पण थर्ड इयरला पोचलेल्या मुलालाही स्वतःचा सीजीपीए कागदावर काढता येत नाही, हे मला जास्त काळजीचं वाटतं.

गणित सातवीच्या पुस्तकातलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांकांच्या पद्धतीत ओ ग्रेडला १०, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५, पी ला ४ आणि एफ ला शून्य. प्रत्येक विषयाचा गुणांक त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि सेमिस्टरच्या एकूण क्रेडिटने भागायचं. हा झाला एसजीपीए. सगळ्या सेमिस्टरचा असाच भारित हिशेब केला की सीजीपीए. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर यालाच एसजीपीआय आणि सीजीपीआय लिहिलेलं असतं, आयआयटी मुंबईत एसपीआय आणि सीपीआय म्हणतात. नावांनी घाबरू नका.

उदाहरण घेऊ. वीस क्रेडिटचं सेमिस्टर. चार क्रेडिटचे तीन पेपर, त्यात गुणांक ८, ७ आणि ६. तीन क्रेडिटचे दोन, त्यात ९ आणि ७. एकेक क्रेडिटची दोन प्रॅक्टिकल, दोन्हीत १०. सात गुणांकांची नुसती सरासरी काढली तर ८.१४ येते, आणि मुलं घरी तीच सांगून मोकळी होतात. क्रेडिट धरून बेरीज होते १५२, भागिले २०, म्हणजे ७.६०. प्रॅक्टिकलमधल्या त्या दोन दहांनी मिळून फक्त वीस गुण दिले. मोठ्या पेपरातल्या एकट्या आठाने बत्तीस दिले. जर्नल सुंदर दिसावं म्हणून रात्री जागवायच्या आणि चार क्रेडिटचा पेपर 'निघेल कसाबसा' म्हणून सोडायचा, हा व्यवहार किती तोट्याचा आहे ते इथे दिसतं.

याच उदाहरणात सहा गुणांकाचा तो पेपर राहिला, केटी लागली, तर काय? एफ म्हणजे शून्य. पेपरात ३५ पडले असोत की ५, हिशेबात दोन्ही सारखेच. बेरीज १२८ वर येते आणि एसजीपीए ६.४० वर. एका पेपराने १.२ ची घसरण. बऱ्याच ठिकाणी तर विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत. म्हणून सुधारणेचा पहिला नियम अगदी रुक्ष आहे: आधी केटी सोडवा, मग बाकीचं. सातचे आठ करायच्या नादात शून्य तसंच ठेवणारी मुलं दरवर्षी दिसतात. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांपैकी पुष्कळशा 'चालू बॅकलॉग नको' ही अट सीजीपीएच्याही आधी बघतात.

दुसरी गोष्ट क्वचितच कोणी समजावून सांगतं. ग्रेड टप्प्यांनी मिळते. टप्पे विद्यापीठागणिक वेगळे असतात, ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेले असतात, एकदा वाचा. समजा तुमच्याकडे ६० ते ६९ ला ७ आणि ७० ते ७९ ला ८ आहे. मग ७१ चे ७९ झाले तर सीजीपीएत काहीही बदलत नाही, पण ६९ चे ७० झाले की चार क्रेडिटच्या पेपरात एसजीपीए ०.२० ने वाढतो. एक मार्क! त्यामुळे लेखी परीक्षेच्या आधी इंटर्नलचे मार्क हातात घेऊन बसावं. इंटर्नल ४० पैकी ३४ असतील तर लेखीत ६० पैकी ३६ मिळाले की आठ पक्के. तेच इंटर्नल २२ असतील तर लेखीत ४८ लागतात, आणि ४८ आणि ३६ यांत किती रात्रींचा फरक आहे ते मुलांना चांगलं ठाऊक असतं. कुठे इंटर्नल ३० चं, कुठे ४० चं, पण ते सेमिस्टरभर हळूहळू जमा होतं आणि शेवटच्या आठवड्यात काही केल्या भरून काढता येत नाही. टर्मवर्क वेळेवर दाखवा, युनिट टेस्ट चुकवू नका, हजेरीची अट सांभाळा, हा सल्ला म्हातारा आणि कंटाळवाणा आहे, पण हिशेब त्याच्याच बाजूने आहे. ज्या स्वायत्त संस्थांमध्ये ग्रेड वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरते, तिथे टप्प्यांचं हे तंत्र असंच चालणार नाही.

निकालानंतरही टप्पाच बघायचा. एखाद्या मोठ्या पेपरात सीमा एक-दोन मार्कांनी हुकली असेल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, शिक्षकांना दाखवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. आठ मार्कांनी हुकली असेल तर फीचे पैसे वाचवा.

आता वेळेचा मुद्दा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. पीएचडीच्या २०२२ च्या नियमांतही चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेशासाठी ७५ टक्के आहेत, राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत. तुमच्याकडे ७५ टक्के म्हणजे ७.५ सीजीपीए धरतात असं समजू. प्रत्येक सेमिस्टर वीस क्रेडिटचं, सहा मिळून १२०. म्हणजे एकूण ९०० गुण हवेत. पहिल्या वर्षी ६.२ मिळाले, तर ४० क्रेडिटचे २४८ जमा झाले. उरलेल्या ८० क्रेडिटमध्ये ६५२ लागतील, म्हणजे दर सेमिस्टरला ८.१५. अवघड आहे, पण होणारं आहे. हाच विद्यार्थी दुसऱ्या वर्षीही ६.२ वरच राहिला तर ४९६ जमा, ४०४ बाकी आणि क्रेडिट उरली ४०. दर सेमिस्टरला १०.१ हवेत! प्रत्येक पेपरात ओ मिळवला तरी तो ७.४७ वर थांबतो. 'शेवटच्या वर्षी जोर लावतो' म्हणणाऱ्या मुलाला रागावू नका, कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर हा भागाकार करा.

टक्क्यांत रूपांतर हा वेगळाच गोंधळ. सीजीपीए ८ घ्या. दहाने गुणलं तर ८० टक्के. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्याप्रमाणे त्यातून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं, म्हणजे ७२.५. कोणी ९.५ ने गुणून ७६ सांगतं. हे साडेनऊ सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या ग्रेडपद्धतीतून आलेले आहेत, प्रत्येक पदवीला ते लागू होतातच असं नाही. काही विद्यापीठांची स्वतःची वेगळी सूत्रं आहेत. अर्जात आपल्याला सोयीचा आकडा भरू नये; कागदपत्र पडताळणीत तो उघडा पडतो. परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र घ्या आणि तेवढंच लिहा.

पुण्या-मुंबईतून जर्मनीला जाऊ पाहणाऱ्यांना तर उलटी मोजपट्टी समजून घ्यावी लागते. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. सुधारित बव्हेरियन सूत्रात कमाल गुणांकातून आपला वजा करायचा, कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांक यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. कमाल १०, किमान ४ असेल तर ८ सीजीपीएचे २.० होतात आणि ७ चे २.५. तिथल्या अनेक मास्टर्स अभ्यासक्रमांची पात्रता २.५ च्या आसपास असते. तुमच्या विद्यापीठात पास व्हायला ५ गुणांक लागत असेल तर तेच ७ सीजीपीए २.८ होतं! एजंटने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. किमान उत्तीर्ण गुणांक कोणता, हे विद्यापीठाच्या कागदावर लेखी असायला हवं.

आणि हे सगळं कशासाठी, तेही आधी ठरवा. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये बहुतेक ठिकाणी ६० टक्के किंवा त्याच्या आसपासची चाळणी असते, त्यापुढे ७.४ आणि ७.९ यांत फरक करायला मुलाखत घेणाऱ्याला वेळ नसतो. तिथे मुलगा सातवर असेल तर दशांशामागे धावण्यापेक्षा एक चांगला प्रोजेक्ट आणि इंग्रजीत पाच मिनिटं बोलण्याचा सराव जास्त कामाचा. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला पदवी लागते, टक्केवारीची अट नाही. संशोधन, परदेश, काही सार्वजनिक कंपन्या आणि व्यवस्थापनाच्या नामांकित संस्था मात्र आकडा नीट बघतात, आणि व्यवस्थापनात तर दहावी-बारावीपासूनचा बघतात. ज्यांच्या यादीत हे आहे त्यांनी दशांशही सोडू नये.

पालकांनी निकालाच्या दिवशी टक्के विचारू नयेत. कुठल्या पेपरात किती क्रेडिट होते, ग्रेडची वरची सीमा किती मार्कांनी हुकली आणि पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची शेवटची तारीख कोणती, एवढे तीन प्रश्न विचारा. ती तारीख विद्यापीठं थोड्याच दिवसांची देतात आणि सहसा वाढवत नाहीत.