विचुंब्यात बसून एकट्याचा धंदा: तास केवढ्याला पडतो?

नवीन पनवेलच्या सेक्टरांतलं भाडं झेपेना म्हणून विचुंबे, देवद, सुकापूरकडे सरकलेल्या कुटुंबांत घरी बसून स्वतंत्र काम करणारे आता बरेच दिसतात. कुणी भाषांतर करतं, कुणी डीटीपी, कुणी डिझाइन, कुणी दुकानदारांची अकाउंट्स लिहितं. यातल्या नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘दर किती लावू?’ उत्तर बहुतेक वेळा ओळखीतल्या कुणाच्या तरी दरावरून ठरतं. त्या ओळखीच्याने आपला खर्च मांडला होता की नाही, हे कुणी विचारत नाही. म्हणून आधी खर्च मांडू. खालचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुम्ही तुमचे घाला.

घरखर्चाला महिना ३५,००० रुपये लागतात असं धरा. यात भाडं किंवा हप्ता आला. घर स्वतःचं असलं तरी तो रकाना शून्य ठेवू नका. आता धंद्याचा खर्च. नेट आणि मोबाइल १,५००. वाढीव वीज १,०००. साठ हजारांचा लॅपटॉप चार वर्षं चालला तर महिन्याला १,२५०, आणि इन्व्हर्टर-बॅटरीचे ३५०. सॉफ्टवेअरचे २,०००, प्रवासाचे १,५००. कर-सल्लागार आणि व्यवसाय कर मिळून ७००. आरोग्य विम्याचे १,५००. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, तेव्हा जुन्या हप्त्यावरून अंदाज बांधू नका. ही बेरीज ९,८०० होते. म्हातारपणासाठी ५,००० बाजूला टाकले की एकूण ४९,८००, म्हणजे पन्नास हजारच.

पुढची पायरी बहुतेकांची चुकते. महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०० तास. म्हणून तासाला २५० रुपये, असा भागाकार केला जातो. पण २०० तास तुम्ही खुर्चीत बसता, तेवढे विकले जात नाहीत. कोटेशन पाठवणं, फोन घेणं, बिल बनवणं, पैशाची आठवण करणं, फाइल शोधून देणं, वीज गेली म्हणून थांबणं, याचं बिल कुणाला लावणार? एकट्याने सगळं करणाऱ्याने निम्मे तास विकले जातील एवढंच धरावं. मग भागाकार १०० ने होतो आणि तासाचा दर ५०० निघतो. यापेक्षा कमी घेतलंत तर फरक तुमच्याच घरातून जातो. तो सहसा विम्याच्या नाहीतर म्हातारपणाच्या रकान्यातून जातो, म्हणून लगेच कळतही नाही.

विकले न जाणारे तास जातात कुठे, हे मराठी मजकुराच्या एका कामात नीट दिसतं. एखाद्या संस्थेची चाळीस पानांची जुनी स्मरणिका श्रीलिपी या जुन्या फाँट-सॉफ्टवेअरमध्ये केलेली असते. ती युनिकोडमध्ये हवी असते. गिऱ्हाईक म्हणतं, ‘टाइप केलेलंच आहे, फक्त कन्व्हर्ट करायचं.’ कन्व्हर्टर काही क्षणांत फाइल देतो. मग दिसतं, की रफार शेजारच्या अक्षरावर गेलाय, ‘ऱ्या’ फुटलाय, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं आली आहेत. प्रत्येक ओळ मूळ छापील पानाशी ताडून वाचावी लागते. म्हणजे खरं काम प्रूफ वाचण्याचं, आणि कोटेशनमध्ये त्याचं नावच नाही. हे तास बिलात आणायचे तर रूपांतर, प्रूफवाचन आणि मांडणी या तीन वेगळ्या ओळी लिहा, प्रत्येकीचा पानाचा दर वेगळा.

करेक्शनचंही असंच आहे. प्रिंट काढून, पेनने खुणा करून, संस्थेच्या एका विश्वस्तांकडून तिरका फोटो व्हॉट्सॲपवर येतो. अर्धा तास गेला. रात्री दुसऱ्या विश्वस्तांचा फोटो येतो, पहिल्यांनी बदललेलं पूर्ववत करणारा. ‘दोन करेक्शन दरात धरली आहेत, पुढच्या प्रत्येक फेरीला इतके’ आणि ‘सगळ्यांच्या सूचना एकत्र करून एकाच व्यक्तीने पाठवाव्यात’ ही दोन वाक्यं आधी लिहिलेली असली, तर तिसरी फेरी आपोआप विचारपूर्वक येते. हे मागायला संकोच वाटतो, विशेषतः गिऱ्हाईक ओळखीचं असलं की. पण नियम आधी सांगितला तर कुणी वाईट वाटून घेत नाही. वाईट वाटतं ते शेवटी बिलात आकडा वाढलेला दिसल्यावर.

मुंबईच्या मीटिंगचा खर्चही लोक तिकिटाच्या पैशांत मोजतात. पनवेलहून गाडी सुटते, बसायला मिळतं, हे खरं. पण सीएसएमटीपर्यंत जाऊन-येऊन गाडीतच अडीच-तीन तास मोडतात. त्यात विचुंबे ते स्टेशन रिक्षा, फलाटावरची वाट आणि प्रत्यक्ष मीटिंग धरली तर पाच तास सहज जातात. वरच्या दराने हे अडीच हजार रुपये झाले. पहिली भेट तुमच्या खर्चाने करा, पुढच्या भेटी व्हिडिओ कॉलवर घ्या आणि समोरासमोर हवीच असेल तर तिचा दर सांगा.

कागदपत्रांचा खर्च मात्र लोक समजतात त्यापेक्षा फार कमी आहे. उद्यम नोंदणीला सरकार एक पैसाही घेत नाही. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधारवर, सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या होते. शुल्क मागणारी, सरकारी वाटणारी पानं खासगी असतात. शॉप ॲक्टबाबत राज्याचा २०१७ चा कायदा सांगतो, की एकट्याने काम करणाऱ्याला परवाना नको, ऑनलाइन सूचना पुरे. हे दोन कागद हाती असले की चालू खाते उघडताना बँकेत फार अडत नाही.

विचुंब्यात पत्त्याचा पुरावा हा विषय थोडा जास्त लक्ष देण्याचा आहे. २०१६ साली पनवेल महापालिका झाली तेव्हा हे गाव तिच्यात गेलं नाही. ते सिडकोच्या ‘नैना’ या विमानतळ प्रभावक्षेत्रात येतं, म्हणून महापालिकेचा कागद इथे मिळत नाही. भाड्याने राहत असाल तर लिव्ह ॲण्ड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. नोंदणी शुल्क ग्रामीण हद्दीत ५०० रुपये आहे, नागरी हद्दीत १,०००. मुद्रांक शुल्क वेगळं. घरून धंदा करताना विजेच्या व्यापारी दराची वाटणारी भीती मात्र अनाठायी असते. घराच्या एका भागात धंदा केला म्हणून लगेच व्यापारी दर लागत नाही. महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दरच आहे.

व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. नोंदणी असलेल्याने तो ३० जूनपर्यंत भरायचा. महिलांना महिना २५,००० पर्यंत मिळणारी माफी पगारदारांसाठी आहे. स्वतंत्र काम करणाऱ्या अनेकजणी ती आपल्याला लागू समजतात आणि मग थकबाकी व्याजासकट भरावी लागते. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही, गिऱ्हाईक परराज्यातलं असलं तरीही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका.

वरच्या उदाहरणात वर्षाची आवक सहा लाख येते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी यावर आयकर शून्य आहे. तरी कंपन्या व्यावसायिक शुल्कातून १० टक्के टीडीएस कापतात. एका कंपनीला वर्षाला ५०,००० च्या वर बिलं गेली की हे सुरू होतं. सगळं काम अशाच कंपन्यांचं असेल तर ६०,००० रुपये परतावा येईपर्यंत अडकतात, म्हणजे एका महिन्याच्या खर्चाहून जास्त. विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत येत नाहीत, म्हणून ‘कर नाही तर रिटर्न कशाला’ हा विचार महाग पडतो. अनुमानित कराची सोय, जी आजवर ४४एडीए या कलमाने ओळखली जाते, ठरावीक व्यवसायांसाठी आहे. भाषांतर किंवा डिझाइन त्या यादीत सरळ बसत नाही. हा एक प्रश्न मात्र पैसे देऊन सल्लागाराला विचारावा.

उशिरा येणारे पैसे हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी मोजला जाणारा खर्च. इथे उद्यम नोंदणी खरोखर कामाला येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. शिवाय मुदत चुकवून थकवलेल्या बिलाची वजावट कंपनीला आयकरात पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते, म्हणून मार्चमध्ये त्यांच्या अकाउंट्स विभागाला तुमच्या बिलाची आठवण असते. मात्र नोंदणी काम घेण्याआधीची हवी, आणि क्रमांक प्रत्येक बिलावर हवा. सोसायटीचं किंवा एखाद्या घरचं काम असेल तर या कायद्यावर विसंबू नका, अर्धा ॲडव्हान्स घ्या.

कोटेशनखाली टाकायचा मजकूर असा ठेवता येईल, आपापल्या आकड्यांसह: ‘काम सुरू करताना ५० टक्के, फायनल फाइल देताना उरलेले. दोन करेक्शन दरात; पुढची प्रत्येक फेरी ___ रुपये. हे दर ३० दिवसांपर्यंत लागू. प्रत्यक्ष मीटिंग पनवेलबाहेर असल्यास ___ रुपये. उद्यम क्रमांक ___.’ कोटेशन पीडीएफमध्ये पाठवा आणि समोरच्याकडून ‘मान्य’ एवढा शब्द लेखी आल्याशिवाय फाइल उघडू नका.