१०० टक्के पूर्ण

महिनाअखेरीला ट्रेनिंगचा अहवाल हिरवागार असतो. '१०० टक्के पूर्ण' असं दिसलं की ऑडिटर खूश, साहेब खूश. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत ट्रेनिंगचं काम करताना असे अहवाल मी पुष्कळ पाहिले. ते खोटे नसतात. व्हिडिओ खरोखरच शेवटपर्यंत चाललेला असतो, फक्त समोर कोणी असतं का, हे अहवालाला कळत नाही. त्या धबडग्यात हाती लागलेल्या या काही गोष्टी.

१. आधी वेळ, मग लिंक

'सवडीने बघा' असं लिहून लिंक पाठवायची पद्धत आहे. लाइनवरच्या माणसाला सवड कुठली? फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातला निम्मा वेळ कॅन्टीनच्या रांगेत. शिफ्ट सुटली की थोड्याच वेळात कंपनीची बस निघते, ती चुकली तर घरी पोहोचायचे वांधे. म्हणजे कोर्स करायचा तो घरी, स्वतःच्या डेटावर, झोपेतून वेळ काढून. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये आठवड्याची सुट्टी मिळाली. आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी ती रविवारऐवजी गुरुवारी असते, आणि नेमका बुधवारी रात्री 'उद्यापर्यंत पूर्ण करा' असा मेसेज येतो. जादा कामाला दुप्पट मजुरी हे १९४८ च्या कारखाने कायद्यानेच ठरवलं. मग सुट्टीच्या दिवशी सक्तीने बघायला लावलेला व्हिडिओ हे काम नाही तर काय करमणूक आहे?

चालतं ते असं. शिफ्ट सुरू होताना टूलबॉक्स टॉकची, म्हणजे उभ्याउभ्या सूचना देण्याची, पाच-दहा मिनिटं असतातच. आठवड्यातून एकदा त्याच वेळात, लाइनजवळच, टॅबवर तीन-चार मिनिटांचा तुकडा दाखवायचा आणि उरलेला वेळ त्यावर बोलायचं. विषय मोठा असेल तर माणसाच्या जागी रिलीव्हर द्यायचा. आणि हे वेळापत्रक प्रॉडक्शन मॅनेजरच्या सहीने निघावं. एचआरच्या मेलला लाइनवर कोणी विचारत नाही, हे एचआरमध्ये बसूनच सांगते आहे.

२. माणसं लॉगिनच्या दारातच गळतात

कोर्स उघडायला कंपनीचा ईमेल लागतो. कंत्राटी कामगाराला तो नसतो. ओटीपी जातो जुन्या सिमवर किंवा गावाकडे ठेवलेल्या फोनवर. पासवर्डमध्ये एक कॅपिटल, एक अंक, एक चिन्ह हवं, आणि तीनदा चुकलं की खातं बंद. मग सुपरवायझरच सगळ्यांची लॉगिनं करून देतो आणि पुढचे कोर्सही तोच 'करून देतो'. टोकन नंबर टाकला की कोर्स उघडला पाहिजे. बँकेचं खातं नाही ते.

३. बोलणारा माणूस ओळखीचा हवा

एकाच लाइनवर बीड-लातूरची मुलं, बिहार-ओडिशाची मुलं, खेड तालुक्यातल्या बायका आणि आयटीआय झालेले ट्रेनी असतात. विकत घेतलेल्या व्हिडिओत मात्र परदेशी गोदाम असतं आणि त्यावर कोणीतरी बातम्या वाचल्यासारखं मराठी वाचत असतं. त्यापेक्षा आपल्याच लाइनवरच्या जुन्या ऑपरेटरला त्याच्या मशीनपाशी उभं करून मोबाइलवर चित्रीकरण करावं. एकदा मराठीत, एकदा हिंदीत, त्याच्याच बोलण्यात. कॅमेरा हलतो, मागून फोर्कलिफ्ट जाते, तरी लोक शेवटपर्यंत बघतात. 'अरे, हा तर आपला मामा!' म्हणून हसतात आणि ऐकतात. कारखान्यात ज्येष्ठ ऑपरेटरला 'मामा' म्हणतात, त्यामुळे हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकलं आहे.

४. कानात प्लग, चष्मा घरी

प्रेस शॉपमध्ये इअरप्लग घातलेल्या माणसाला ऑडिओ कसा ऐकू जाणार? खाली ठळक मजकूर हवाच. चाळिशी उलटलेल्यांना फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत आणि चष्मा कामावर आणायची सवय नसते. उत्तर बरोबर तर हिरवं, चूक तर लाल, हेही सगळ्यांना दिसत नाही. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांत पुरुष फार जास्त असतात, आणि आमच्याकडे पुरुषच जास्त. बरोबर-चूकच्या खुणा घातल्या की भागतं.

५. परीक्षा मशीनपाशी घ्या

ऑनलाइन चाचणीची उत्तरं पहिल्या शिफ्टमधून दुसऱ्या शिफ्टला व्हॉट्सॲपवर पोहोचतात. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. ज्याला कामं उरकायची आहेत तो हेच करणार. चाचणीच चुकीच्या जागी आहे. लॉकआउट-टॅगआउटचं, म्हणजे दुरुस्तीआधी मशीन पक्कं बंद करण्याच्या पद्धतीचं उदाहरण घ्या. मशीन बंद करा, वीज तोडा, स्वतःचं कुलूप लावा, टॅग लावा, सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा सोडा, मग स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच बंद आहे याची खात्री करा. हा क्रम पडद्यावर सगळे बरोबर लावतात. मशीनपाशी उभं केलं की कोंडलेली हवा सोडायची राहते, नाहीतर बटण दाबून बघणं राहतं. आणि बोटं जातात ती तिथेच.

काम प्रत्यक्ष करून घेऊन तपासणं नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत नव्या माणसांची रीघ लागली, तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम निघाला. त्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या: माणसाची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. युद्धानंतर तो जपानला गेला आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी उचलला. आपले ऑनलाइन कोर्स दुसऱ्या पायरीवर थांबतात. व्हिडिओने दाखवायचं काम जरूर करावं, पण तिसऱ्या आणि चौथ्या पायरीला लाइन लीडरच लागतो, आणि त्याच्या कामाच्या हिशेबात हा वेळ धरलेला नसतो.

६. काही विषय नुसत्या पडद्यावर सोडू नयेत

लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा कंत्राटी, रोजंदारीवरच्या, ट्रेनी आणि अप्रेंटिस अशा सगळ्या बायकांना लागू आहे, आणि कंपनीने दिलेलं वाहनही त्यात कामाचं ठिकाण धरलं आहे. व्हिडिओत मात्र केबिन, लॅपटॉप आणि बिझनेस ट्रिप. पॅकिंगवरच्या बाईला वाटतं, हे ऑफिसवाल्यांसाठी आहे. तिचे प्रश्न रात्रीच्या बसचे असतात, ठेकेदाराच्या सुपरवायझरचे असतात: तो आपल्या कंपनीचा नाहीच, मग तक्रार कुठे करायची? हे ती सगळ्यांसोबत एका टॅबसमोर उभी राहून विचारेल, ही अपेक्षाच भाबडी आहे. व्हिडिओ सगळ्यांना दाखवा, पण बायकांशी वेगळं बसून बोला, आणि अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीतल्या बाईंनी स्वतः यावं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते, हे तिथेच स्पष्ट सांगावं. समितीचे नंबर बसमध्येही चिकटवावेत.

७. विसरणार हे धरून चाला

हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले: पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं, पुन्हा उजळणी केली की टिकतं. आपण वर्षातून एकदा दोन तासांचा कोर्स देतो. तेच दोन तास तुकडे करून वर्षभर पसरावेत. खर्च तेवढाच.

८. जुनं काढून टाका

दर ऑडिटनंतर यादीत एका कोर्सची भर पडते, काढत कोणीच नाही. म्हणून नवा कोर्स मागायला येणाऱ्याला मी आधी यादी दाखवते आणि यातला कुठला बंद करू, ते विचारते. एका कारखान्यात कोविडकाळातला हात धुण्याचा व्हिडिओ अजून सक्तीचा होता. तो काढायलाही तीन सह्या लागल्या.