कडब्यास युरियाची जोड

आपल्या सोलापूर जिल्ह्यात ज्वारी पिकते ती केवळ माणसांकरिता नव्हे. मोहोळच्या संशोधनकेंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी शेतकऱ्यांस प्रिय झाली, ती भाकरीइतकीच कडब्यामुळे. परंतु कणीस खुडून घेतल्यावर ताटात सत्त्व थोडेच उरते. १०० किलो कडब्यात प्रथिने अवघी तीन-चार किलो. दुष्काळी वर्षी दावणीची गाय पोटभर खाऊनही हाडांवर येते, याचे एक कारण हेच होय.

येथे युरिया कामी येतो. शेतात टाकावयाचे खत गव्हाणीत कसे, अशी शंका वाचकांस येईल, व ती रास्त आहे. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी कोटीपोट नामक सर्वांत मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. युरियापासून होणाऱ्या अमोनियातील नत्र घेऊन हे जंतू आपली शरीरे घडवितात, आणि पुढे गाय त्या जंतूंसच पचविते. गाय पोटात जंतूंची शेती करिते व खत शेतातच पडते, असे म्हणावयास हरकत नाही!

कृती अशी: १०० किलो कुट्टीस ४ किलो युरिया घ्यावा. तो सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरांवर सारखा शिंपडावा, थर तुडवून दाबावेत व ढीग ताडपत्रीने हवाबंद झाकावा. २१ दिवसांत अमोनियाच्या योगाने ताटांचे कठीण तंतू मऊ पडतात. मग लागेल तेवढी कुट्टी काढून, उग्र वास उडून जाईपर्यंत तासभर पसरून ठेवावी. आरंभी थोडी घालून आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवावे.

सहा महिन्यांखालील वासरांस ही कुट्टी मुळीच घालू नये. त्यांचे कोटीपोट पुरते तयार झालेले नसते. घोड्यासही ती वर्ज्य होय. परंतु खरा धोका बादलीत असतो. मिश्रण कालविताना बादली उघडी राहिली आणि तहानलेल्या बैलाने तीत तोंड घातले, तर अमोनिया रक्तात चढतो. तोंडास फेस येतो, अंग थरथरते, पोट फुगते आणि थोड्याच वेळात जनावर दगावू शकते. अशा वेळी पशुवैद्यास तत्काळ बोलवावे. व्हिनेगर व पुष्कळ थंड पाणी पाजणे हा त्यावरील उपचार आहे. बादलीजवळ उभे राहण्याचे काम घरोघरी बहुधा मुलांकडेच येते, म्हणून हे येथे सविस्तर लिहिले.