अच्युत, अनघ, अनसूया : अकारादी नामांचा गीतार्थ

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना श्रीभगवंतांनी अक्षरांमध्ये आपण अकार आहोत, असे म्हटले आहे (१०.३३). वर्णमालेचा आरंभ अकारानेच होतो. आणि क, ख, ग इत्यादी वर्ण आपण उच्चारतो, तेव्हा त्यांच्या पोटी अकारच असतो. हिंदू गृहस्थांच्या घरी अपत्याचे नाव ठेवताना हे अक्षर वारंवार पुढे येते. अवकहडा चक्राप्रमाणे कृत्तिका नक्षत्राच्या प्रथम चरणी जन्मलेल्या बालकास 'अ' हे आद्याक्षर येते. कित्येक मातापिता केवळ श्रुतिमाधुर्यासाठीही ते पसंत करतात. परंतु आद्याक्षर ठरले म्हणजे नामाचा विचार संपला, असे नव्हे. ज्या नामाने बालकाला जन्मभर हाक मारावयाची, त्याचा अर्थ आधी आपल्या मनात स्पष्ट असावयास हवा.

या नामांपैकी पुष्कळांत आरंभीचा 'अ' हा निषेधवाचक आहे. संस्कृत व्याकरणात यास 'नञ्' म्हणतात. पुढे व्यंजन आल्यास त्याचे रूप 'अ' होते आणि स्वर आल्यास 'अन्' होते. म्हणून अ + च्युत = अच्युत, अ + भय = अभय; तसेच अन् + अंत = अनंत, अन् + अघ = अनघ, अन् + असूया = अनसूया. वरवर पाहता ही नामे अभावाची वाटतात. वस्तुतः अभाव आहे तो दोषाचा. दोष दूर झाला म्हणजे जे उरते, त्याचे हे नाव होय.

'अच्युत' म्हणजे जो आपल्या स्थानापासून ढळत नाही तो. हा शब्द फार प्राचीन आहे. छांदोग्य उपनिषदात घोर आंगिरस ऋषींनी देवकीपुत्र कृष्णास जो उपदेश केला, त्यात अंतकाळी आश्रय घेण्याच्या तीन वचनांपैकी एकात तो आला आहे (३.१७.६). गीतेत अर्जुन भगवंतांना या नामाने तीन वेळा हाक मारतो. पहिल्या वेळी तो रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करण्यास सांगतो (१.२१). त्यानंतर थोड्याच वेळात तो स्वतः ढळतो आणि धनुष्य टाकून खाली बसतो. दुसऱ्या वेळी विश्वरूप पाहून, सख्यभावाने केलेल्या थट्टामस्करीबद्दल तो क्षमा मागतो (११.४२). तिसऱ्या वेळी मोह गेला, स्मृती आली, आता आपण स्थिर आहोत, असे तो सांगतो (१८.७३). हाक तीच आहे. हाक मारणारा मात्र पालटला आहे. जो ढळत नाही त्याचा आश्रय धरून ढळलेला अर्जुन सावरला, हा या तीन स्थळांचा एकत्रित अर्थ होय. हे नाम भारतात सर्वत्र आढळते. केरळात ते 'अच्युतन' होते. विजयनगरच्या गादीवर अच्युतदेवराय (१५२९–१५४२) होऊन गेला. ओडिशातील पंचसखा संतकवींपैकी एकाचे नाव अच्युतानंद दास होते.

आता 'अनघ' हे नाम पाहावे. 'अघ' म्हणजे पाप. ज्याच्या ठायी ते नाही तो अनघ. महाभारताच्या अनुशासनपर्वातील विष्णुसहस्रनामात हे श्रीविष्णूचे नाम म्हणून आले आहे. गीतेत मात्र भगवंत तेच नाम अर्जुनाला देतात, आणि तेही तीनच वेळा (३.३, १४.६, १५.२०). पहिल्या अध्यायात अर्जुनाला पापाच्या भीतीने ग्रासले होते. आपण महापाप करावयास निघालो, असे तो शोकाने म्हणाला होता. त्याच अर्जुनाला भगवंत 'हे निष्पापा' अशी हाक मारतात. ज्याला शिकवावयाचे, त्याच्यातील उत्तम अंशाला प्रथम हाक मारावी, ही गुरूची रीत येथे दिसून येते.

परंतु 'अघ' कोठे असते? याचे उत्तर तिसऱ्याच अध्यायात आहे, आणि ते गृहस्थाच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचते. जे केवळ स्वतःसाठी अन्न शिजवतात ते अघच भक्षण करतात, असे भगवंत सांगतात (३.१३). यज्ञचक्राला हातभार न लावता इंद्रियांच्या सुखात रमणाऱ्यास तेथेच 'अघायु' म्हटले आहे (३.१६). ज्या घरी कन्येचे नाव 'अनघा' ठेविले आहे, त्या घरी अतिथीस, गोमातेस आणि भुकेल्यास अन्नाचा वाटा काढला जात नसेल, तर ते नाम ओठांवरच राहिले असे म्हणावे लागेल.

'अनसूया' हे अत्रि ऋषींच्या पत्नीचे नाव. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात वनवासी सीतेचा तिने मातृवत् सत्कार केला. श्रीदत्तात्रेयांची माता म्हणून ती महाराष्ट्राच्या घराघरांत परिचित आहे. दुसऱ्याच्या गुणांतही दोष पाहणे म्हणजे असूया. ती जिच्या ठायी नाही ती अनसूया. गीतेत हा गुण श्रोत्याची पात्रता म्हणून सांगितला आहे. अत्यंत गुह्य ज्ञान भगवंत अर्जुनाला सांगतात ते तो असूयारहित आहे म्हणून (९.१), आणि ग्रंथाच्या शेवटी, श्रद्धेने व असूया न धरता जो केवळ श्रवण करील तोही मुक्त होऊन पुण्यवंतांचे लोक पावेल, असे आश्वासन दिले आहे (१८.७१).

'अनंत' म्हणजे ज्याला अंत नाही तो. नागांमध्ये आपण अनंत आहोत, असे भगवंत म्हणतात (१०.२९), आणि विश्वरूपदर्शनाच्या वेळी अर्जुन त्यांनाच अनंत म्हणून संबोधितो (११.३७). युधिष्ठिराच्या शंखाचे नावही अनंतविजय होते (१.१६). भाद्रपद शुद्ध चतुर्दशीस चौदा गाठींचा दोरा बांधून अनंताचे व्रत केले जाते; केरळातील तिरुवनंतपुरम् या नगराच्या नावातही हाच अनंत आहे. 'अभय' हा तर सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गणनेत अगदी प्रथम आलेला गुण होय.

तथापि प्रत्येक अकार निषेधाचाच असतो, असे समजू नये. 'अर्जुन' या शब्दाचा अर्थ शुभ्र, उज्ज्वल असा आहे. विराटपर्वात राजपुत्र उत्तराला आपली दहा नावे समजावून देताना अर्जुन स्वतःच सांगतो की, आपल्यासारखा वर्ण पृथ्वीवर दुर्लभ आहे आणि आपण शुद्ध कर्म करतो, म्हणून आपणास अर्जुन म्हणतात. येथे नामाला कर्माचा आधार दिला आहे, हे ध्यानात घ्यावे. 'अश्वत्थामा' या नावाचीही कथा आहे. द्रोणपुत्र जन्मताच उच्चैःश्रवा अश्वाप्रमाणे मोठ्याने ओरडला, म्हणून आकाशवाणीने त्याला ते नाव दिले. पुढे युद्धात त्याच नावाच्या एका हत्तीस मारून 'अश्वत्थामा मेला' अशी वार्ता द्रोणांच्या कानी घातली गेली, आणि पुत्राच्या नावानेच पित्याचा घात झाला. नामाचा आधार असत्याला दिला की काय अनर्थ ओढवतो, याचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागणार नाही.

महाराष्ट्रात बारशाच्या दिवशी आत्या बालकाच्या कानात नाव सांगते. अन्य प्रांतांत दिवस व रीत निराळी आहे. परंतु विधी एका दिवसाचा असतो, हाक मात्र रोजची असते. पुष्कळ घरांत पाळण्यात घातलेले सुंदर नाव लवकरच बाजूला पडते आणि रागाच्या भरात मुलाला 'मूर्ख', 'निर्लज्ज', 'करंटा' अशा नावांनी हाका मारल्या जातात. अशा हाका वारंवार ऐकणारे मूल स्वतःला तसेच समजू लागते. ज्याने धनुष्य टाकले, ज्याचे गात्र शिथिल झाले, त्यालाही भगवंतांनी 'अनघ' म्हटले. त्यांनी त्याचे दौर्बल्य झाकले नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्यास कठोर शब्दांत बजाविले. पण बजाविल्यावर हाक मारली ती त्याच्या शुद्ध स्वरूपाला.

म्हणून गृहस्थांनी तीन गोष्टी पाळाव्यात. नाव ठेवण्यापूर्वी त्याची फोड व अर्थ जाणत्याकडून समजून घ्यावा. मूल सात-आठ वर्षांचे झाले की, ते नाम गीतेत किंवा पुराणात कोठे व कोणत्या प्रसंगी आले आहे, हे त्याला जवळ बसवून सांगावे. आणि मुलाकडून प्रमाद घडेल त्या दिवशी तरी त्याला त्याच्या पूर्ण नावाने, शांतपणे हाक मारावी. त्या दिवशी त्याला आपल्या नावाची सर्वांत अधिक गरज असते.