ग्रहदर्शनाची दुर्बीण

इ. स. १६१० च्या जानेवारी महिन्यात गॅलिलिओने आपली दुर्बीण गुरू ग्रहाकडे वळविली. गुरूच्या लगत त्याला काही बारीक तारका दिसल्या. त्या रात्रीगणिक जागा बदलीत. परंतु गुरूची सोबत मात्र सोडीत नसत. ते गुरूचे चार चंद्र होते! आकाशातील सारे गोल पृथ्वीभोवतीच फिरतात, या जुन्या समजुतीला त्या साध्या नळीने धक्का दिला. तिच्यातून वस्तू अवघी वीसपट मोठी दिसे.

मुलांनो, आज शेकडो पटींची बढाई मारणाऱ्या दुर्बिणी बाजारात दिसतात. त्या बढाईला भुलू नये. दुर्बिणीचे खरे सामर्थ्य तिच्या मुख्य भिंगाच्या अथवा आरशाच्या व्यासात असते. व्यास जितका मोठा, तितका प्रकाश अधिक येतो आणि बारकावे स्पष्ट दिसतात. ६० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून फार तर १२० पटींपर्यंत चांगले दिसते. त्यापुढे ग्रह मोठा होतो, पण पुसट!

मग सर्वांत मोठी दुर्बीणच घ्यावी काय? तसेही नाही. माळ्यावर धूळ खात पडलेल्या अवजड दुर्बिणीपेक्षा सहज गच्चीवर नेता येणारी लहान दुर्बीण केव्हाही बरी. न्यूटनने १६६८ साली आरसा वापरून केलेली दुर्बीण सुमारे १५ सेंटिमीटरच लांब होती. मॅक्सुटॉव्ह पद्धतीच्या दुर्बिणीत प्रकाश आतल्या आत मागेपुढे परतविला जातो. त्यामुळे ती आखूड असूनही ग्रह पाहण्यास उत्तम ठरते.

दुर्बिणीची तिवई भक्कम हवी. नाहीतर बोट लागताच ग्रह थरथरू लागतो. पृथ्वी ताशी १५ अंश फिरते; म्हणून ग्रह दृष्टीबाहेर सरकत जातो. छायाचित्रे घ्यावयाची असल्यास त्याचा पाठलाग करणारी, यंत्राने फिरणारी बैठक सोयीची. हवाही अस्थिर असते. यासाठी एकामागून एक शेकडो चित्रे घेऊन, त्यांतील स्पष्ट तेवढी निवडून एकत्र करतात.

एक गोष्ट मात्र कदापि विसरू नका. दुर्बिणीतून सूर्याकडे मुळीच पाहू नये. क्षणाचा मोह जन्माची दृष्टी हिरावून घेईल.

गॅलिलिओजवळ छायाचित्रयंत्र नव्हते. तो रोज पाही आणि वहीत टिपून ठेवी. दुर्बीण विकत मिळते. ही चिकाटी मात्र ज्याची त्यानेच मिळवावी लागते.