भजन म्हणजे वाटा घेणे

गेल्या श्रावणातील एका सोमवारची गोष्ट. आमच्या वडिलांचा घसा पार बसला होता. पूजा यथासांग झाली, निरांजन उजळले. परंतु आरतीचा पहिला चरण उचलावयास त्यांच्या कंठातून स्वर निघेना. सभामंडपात चाळीसएक मंडळी हात जोडून उभी होती. आम्ही स्वतः घंटा धरून उभे होतो. पण आरंभ आपण करावा हे आम्हांसही सुचले नाही. अखेर कोणी तरी विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र सुरू केले आणि त्या आवाजात आरती मुक्यानेच ओवाळून झाली. तेव्हापासून, देवापुढे मिळून गाण्यास आपल्या भाषेत जे शब्द आहेत त्यांचा अर्थ पाहण्याचा नाद आम्हांस लागला. त्यातून जे उमगले ते महाजन मंडळींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम 'भजन' हाच शब्द घेऊ. याचा मूळ धातू 'भज्'. त्याचा अर्थ सेवा करणे असा आहे, तसाच वाटणे, वाटा घेणे असाही आहे. 'भाग', 'विभाग', 'भक्त' आणि 'भक्ती' हे सारे शब्द याच धातूपासून निघाले. भक्त म्हणजे ज्याने आपला वाटा उचलला तो. तेव्हा भजन ऐकणे पुण्यप्रद असले, तरी शब्दाचा पुरा अर्थ ऐकण्याने साधत नाही. त्यात भाग घ्यावा लागतो.

हा अर्थ आम्ही ओढूनताणून काढीत आहोत असे कोणास वाटेल, म्हणून सामवेदाकडे वळू. सोमयागातील सामगान एकटा ऋत्विज करीत नसे. सामाचे पाच भाग असत: प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार, उपद्रव आणि निधन. प्रस्ताव प्रस्तोत्याने म्हणावा, उद्गीथ व उपद्रव उद्गात्याने, प्रतिहार प्रतिहर्त्याने. आणि शेवटचे निधन तिघांनी मिळून म्हणावे, अशी रीत आहे. सामाच्या या भागांना शास्त्रात 'भक्ती' असेच नाव आहे! आज 'निधन' म्हटले की आपणांस मृत्यूच आठवतो. परंतु सामगानात निधन म्हणजे जेथे सर्वांचे स्वर एकत्र येऊन गान पूर्ण होते ती जागा.

वारकरी भजनातही हीच व्यवस्था दिसते. बुवा चरण म्हणतात, टाळकरी ध्रुपद धरतात. 'ध्रुपद' हे 'ध्रुवपद' या शब्दाचे रूप. ध्रुव म्हणजे अढळ. चरणामागून चरण बदलत जातो, पण ज्या पदाकडे पुनःपुन्हा परतावयाचे ते अढळ राहते, आणि ते सांभाळण्याचे काम मागे उभ्या असणाऱ्यांकडे असते. बुवांना श्वास घेण्यास उसंत मिळते ती यांच्यामुळेच.

परंतु व्यवहारात या मागच्यांच्या शब्दांची आपण काय अवस्था केली आहे पाहा. गाणाऱ्यास साथ देणे म्हणजे 'री ओढणे'. आज आपण ते दुसऱ्याच्या हो ला हो मिळविणाऱ्यास हिणवून म्हणतो. 'पालुपद' म्हणजे ध्रुपदच; आता 'त्याचे तेच पालुपद' असे कंटाळून म्हटले जाते. टाळ वाजविणारा तर 'टाळकुटा' ठरला! पुढे बसून गाणाऱ्यास मान आणि मागून साथ देणाऱ्यास उपहास, अशी आपल्या मनाची ठेवण झाली, तीच शब्दांत उतरली असावी असे आम्हांस वाटते.

आपल्या गोव्याने मात्र साथीचा मान पुष्कळ राखला आहे. चवथीच्या दिवसांत घरोघर घुमट-आरती होते. घुमट, शामेळ आणि कांसाळे यांच्या नादात आरती म्हणणाऱ्यांत श्रोता असा कोणी उरत नाही. घरची मुलेदेखील शेवटचा शब्द उचलतात. पूर्वी मातीच्या घुमटास घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस अभय मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. कातडे बदलले तरी गाणे थांबले नाही. २०१९ मध्ये घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली, हे योग्यच झाले.

यंत्राशी आमचे वैर नाही. ज्या देवळात सायंकाळी दोनच माणसे असतात, तेथे त्याचा उपयोग आहे. परंतु यंत्र नाद करील, ते कोणाचा वाटा उचलू शकत नाही. त्या सोमवारी सभामंडपात समूह होता. भजन मात्र नव्हते. आणि त्यात पहिली चूक घंटा धरून गप्प राहिलेल्या आमचीच होती.

तेव्हा आमची विनंती एवढीच. ज्यांना संपूर्ण आरती पाठ नाही, त्यांनी निदान तिचे ध्रुपद पाठ करावे. ते एका ओळीचेच असते. घरातील एका तरी मुलाच्या हाती टाळ द्यावा. आवाज चांगला नाही, ही सबब सांगू नये. पुष्कळांच्या आवाजात एकाचा दोष झाकला जातो, हाच तर मिळून गाण्याचा लाभ आहे. पुन्हा कधी पुजाऱ्याचा घसा बसला, तर देवापुढील आरती मुकी न राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.