सिमेंटचा पत्रा उतरवताना

नांदगाव खंडेश्वरात काय किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या गावात काय, ज्याला आपण ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो तो बहुतेकदा ॲस्बेस्टॉसचा असतो. नावानंच घात केला. सिमेंटला कोण भिणार? पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण दहा टक्केच, तेही सिमेंटात घट्ट बसलेलं. म्हणून धडधाकट पत्र्याखाली राहणाऱ्यानं घाईनं छप्पर उसकटू नये, असंच मी म्हणेन. धोका वाढतो तो टिना टाकायच्या म्हणून जुने पत्रे काढताना. बोल्ट हातोड्यानं ठोकले, ग्राइंडर फिरवला, पत्रा वरून आंगणात टाकला, की तंतू सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात रुतून बसतात.

‘आजवर कोणाला काय झालं?’ हा प्रश्न हमखास येतो. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली, ती लगेच दवाखान्यात दिसली. ॲस्बेस्टॉसचा कर्करोग दिसायला मात्र वीस ते चाळीस वर्षं लागतात. तोवर तो पत्रा कोणी उतरवला हेही कोणाला आठवत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं जपायला सांगितल्या, त्या उगीच नाही. पांढरं ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी, असं उद्योगाची बाजू मांडणारे म्हणतात; जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सगळ्याच प्रकारांना कर्करोगकारक मानते.

खर्चाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. जाणकार ठेकेदार मिळाला तर काम त्यालाच द्यावं. पण तो परवडत नाही म्हणून तोडफोड करावी, हे पटत नाही, कारण मुख्य इलाज पाण्याचा आहे. ज्यात कधी औषध पडलं नाही अशा पंपानं पत्रा बारीक फवाऱ्यात भिजवत राहायचा, बोल्ट खोलायचे किंवा कापायचे, पण पत्र्याला ग्राइंडर लावायचा नाही, आणि अख्खा पत्रा दोघांनी अलगद खाली घ्यायचा. पत्र्यावर पाय देऊ नये. जुना पत्रा मोडून माणूस पडतो, त्याला चाळीस वर्षं लागत नाहीत. तोंडाला दुपट्टा पुरत नाही, नीट बसणारा बारीक धुळीचा मास्क हवा. लेकरं-ढोरं लांब ठेवावीत. खालचा चुरा झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं टिपावा, कपडे वेगळे धुवावेत.

उरले पत्रे. तुकडे कोठ्यात भराव म्हणून टाकायचे किंवा नाल्यात ढकलायचे, ही आपली जुनी खोड. पायाखाली ते पुन्हा झिजतात. 2016 च्या घातक कचरा नियमांत टाकाऊ ॲस्बेस्टॉसचं नाव आहे. तेव्हा ओले पत्रे जाड प्लास्टिकच्या दुहेरी थरात गुंडाळावेत, वर ‘ॲस्बेस्टॉस’ असं ठळक लिहावं, आणि ते कुठं न्यायचे हे नगर पंचायतीला पहिला बोल्ट खोलण्याआधीच विचारावं.